खुर्ची मिळाली, तिजोरीचं काय?

पंचायतीत निवडून आलेल्या बायकांची शिबिरं मी गेली बरीच वर्षं घेते आहे. शिबिरात एक तास ठरलेला असतो, ‘आपले हक्क’. त्या तासाला मी फळ्यावर लिहिते : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च केले पाहिजेत. बायका ते वहीत उतरवून घेतात आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळते.

एका शिबिरात मात्र पहिल्यांदाच निवडून आलेली एक सदस्य उभी राहिली. म्हणाली, “ताई, दहा टक्के आमचे म्हणता. पण दहा टक्के कशाचे? आमच्या पंचायतीकडे दिव्याचं बिल भरायला पैसा नाही.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण परतताना एस.टी.त तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी बायकांना भाकरीतला वाटा मागायला शिकवत होते. पीठ कुठून येतं, किती येतं आणि ते कोण मोजतं, हे मात्र मी कधी सांगितलं नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मलाच ते नीट माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे थोडी माझी कबुली आहे आणि थोडं भांडणही. दारू, मारहाण, हुंडा, जमीन, रेशन या सगळ्यांवर आपण बोललो, मोर्चे काढले. ‘कर’ हा शब्द आला की मात्र आपण गप्प बसतो. घरपट्टी, अंदाजपत्रक, वित्त आयोग हे पुरुषांचं, फार तर अर्थतज्ज्ञांचं काम, असं आपणही मानून चाललो आहोत. माझं म्हणणं असं, की सत्तेतल्या सहभागाची आपली लढाई आता याच ठिकाणी येऊन अडली आहे.

थोडं मागे वळून पाहू. ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. महाराष्ट्राने त्याआधीच, १९९० मध्ये, स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या होत्या. मग त्या एक-तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये निम्म्या. कायद्याची वाट न पाहता जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यात बायकांनी सगळीच्या सगळी पंचायत हाती घेतली होती. आज राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांत निम्म्या जागांवर बायका आहेत. जगात फार थोड्या ठिकाणी हे घडलं आहे. त्याचा अभिमान मला आजही वाटतो.

पण त्याच घटनादुरुस्तीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पंचायतींना कर बसवण्याचे आणि वसूल करण्याचे अधिकार राज्याने द्यावेत, ही एक. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमून राज्याच्या उत्पन्नातला वाटा खाली कसा द्यायचा ते ठरवावं, ही दुसरी. अकराव्या अनुसूचीत २९ विषयांची यादी दिली : पिण्याचं पाणी, आरोग्य, प्राथमिक शिक्षण, महिला व बालविकास आणि बरंच काही. जागांचं कलम आपण पाठ केलं. पैशाची कलमं मात्र वाचलीच नाहीत.

आता आकडे पाहू. फार नाहीत, पण जे आहेत ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या पंचायतींच्या २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अहवाल काढला. पंचायतींच्या एकूण उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा निघाला जेमतेम १ टक्का. सुमारे ९५ टक्के पैसा केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानांतून आलेला. २०२२-२३ मध्ये एका पंचायतीमागे स्वतःचा कर सरासरी २१ हजार रुपये आणि फी, भाडं अशा इतर मार्गांनी ७३ हजार. केंद्राचं अनुदान मात्र सुमारे १७ लाख.

आता त्या सदस्याच्या प्रश्नाचं उत्तर आपणच काढू. २१ आणि ७३, झाले ९४ हजार. त्याचे १० टक्के म्हणजे ९,४०० रुपये. महिन्याला आठशेसुद्धा नाहीत. ही देशाची सरासरी आहे. आपल्याकडे कारखान्याजवळच्या किंवा बाजाराच्या गावाची गोष्ट वेगळी, डोंगरातल्या वाडीची वेगळी. पण कोरडवाहू भागातल्या लहान पंचायतीत तुम्ही कधी हिशोबाची वही उघडून पाहिली असेल, तर हा आकडा तुम्हाला परका वाटणार नाही. मग त्या रकमेतून एखादं शिलाई मशिन येतं, अंगणवाडीला चार खुर्च्या येतात, आणि ‘महिला व बालकल्याण’ पार पडलं अशी नोंद होते.

कुणी म्हणेल, पैसा वरून येतोच आहे ना, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं, की वरून येणारा पैसा कशावर खर्च करायचा हेही बरंचसं वरच ठरलेलं असतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. रक्कम मोठी आहे. पण त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. पाणी आणि स्वच्छता हे आपलेच प्रश्न आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेल्या अबंधित निधीला किती वाटा फुटतात ते पाहा. संगणक चालकाच्या मानधनाचे पैसे त्यातून. मग २०२१ मध्ये गावोगावच्या रस्त्यावरच्या दिव्यांची वीज थकबाकीपायी तोडली गेली आणि सरकारने सांगितलं, ही बिलंही वित्त आयोगाच्या पैशातून भरा. सरपंचांनी आंदोलनं केली. गावाने आराखड्यात जे लिहिलं होतं ते बाजूला राहिलं आणि पैसा बिलात गेला.

शिवाय आता पैसे निघतात ते सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने. ती सही असते एका छोट्याशा डोंगलमध्ये. शिबिरात मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारते : “तुमची डोंगल कुणाकडे असते?” पुष्कळ सरपंचबाई खाली बघतात. कुणी म्हणते ऑपरेटरकडे, कुणी म्हणते “ह्यांच्याकडे”. पूर्वी कोऱ्या चेकवर सही घेत, आता सहीच काढून घेतात. खुर्चीवर बाई आणि डोंगल दुसऱ्याच्या खिशात, असा हा सहभाग आहे.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट सांगते. पंचायतीकडे पैसा नसला म्हणजे गावाचं काम थांबतं असं नाही. ते बायका करतात. नळयोजनेची मोटार जळाली, दुरुस्तीला पैसा नाही, योजना दोन महिने बंद. मग पाणी येत नाही का घरात? येतं. हंड्याने येतं, मैलभर चालून येतं, शाळा बुडवलेल्या पोरीच्या डोक्यावरून येतं. गटार तुंबलं की दारातलं पाणी उपसायचं कुणी? अंधाऱ्या रस्त्यामुळे संध्याकाळी बैठकीला यायचं थांबतं कोण? पंचायतीच्या जमाखर्चातली तूट बाईच्या अंगमेहनतीने भरून निघते. आणि ही मेहनत कुठल्याच वहीत जमेला धरत नाहीत. म्हणून मी म्हणते, न भरलेली घरपट्टी हा नुसता पंचायतीचा प्रश्न नाही. ती थकबाकी शेवटी आपणच फेडतो.

जलजीवन मिशनमुळे हे आणखी निकडीचं झालं आहे. २०१९ पासून गावोगाव टाक्या, नळ, वाहिन्या यांची कामं निघाली. बांधायला पैसा वरून आला. पण योजना चालवायची, वीजबिल भरायचं, दुरुस्ती करायची ती पंचायतीने, पाणीपट्टीतून. पाणीसमितीत निम्म्या बायका असाव्यात असं मिशनच्या सूचना सांगतात. म्हणजे नळ कोरडा पडला की जाब आपल्यालाच विचारणार, आणि पाणीपट्टीचा दर ठरताना आपल्याला विचारलेलं नसणार.

मग कर वसूल का होत नाही? गाव गरीब आहे म्हणून, असं उत्तर नेहमी मिळतं. अर्धंच खरं आहे ते. आमच्या तालुक्यातली एक गोष्ट सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक सरपंचबाई राखीव जागेवर निवडून आली. शिक्षण जेमतेम सातवी, पण हिशोबाला पक्की. तिने थकबाकीची यादी मागितली. ग्रामसेवकाने आज-उद्या करत महिनाभर घालवला. शेवटी यादी आली तेव्हा दिसलं, की मजुरांच्या वस्तीतली बहुतेक घरं थोडे थोडे का होईना पैसे भरत होती, कारण त्यांना कुठल्या ना कुठल्या दाखल्यासाठी पंचायतीत यावंच लागे आणि दाखला हवा तर आधी पट्टी भरा, असा शिरस्ता होता. मोठी थकबाकी होती ती माडीवाल्या सात-आठ घरांची. तिने त्या घरांना नोटिसा काढल्या. दोन महिन्यांत तिच्यावर अविश्वास ठराव आला. कारण लिहिलं होतं, “मनमानी कारभार”.

ठराव बारगळला, कारण दोन सदस्य बायका ऐन वेळी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. वसुलीही थोडी झाली. पण पुढच्या वेळी आरक्षण बदललं आणि खुल्या जागेवर तिला कुणी उभं राहू दिलं नाही. तेव्हा आम्ही संघटनेच्या बायका कुठे होतो? तिच्या घरी जाऊन आलो, धीर दिला. पण नोटिसांच्या बाजूने गावात सभा घेतली नाही. दारूबंदीसाठी आम्ही रस्त्यावर उतरलो असतो. घरपट्टीसाठी उतरावं हे सुचलंच नाही. याची रुखरुख मला आजही आहे.

आणि या थकबाकीचा फास आपल्याच गळ्याला कसा बसतो तेही पाहा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मागणीचं बिल आल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरतो. एकत्र कुटुंबातल्या एकाने थकवला तरी घरातले सगळेच अपात्र धरले जातात. घर सासऱ्याच्या नावावर, बिल सासऱ्याच्या हाती, पैसा नवऱ्याच्या खिशात, आणि अपात्र ठरते सून! घरावर नाव नाही, पण घराच्या थकबाकीवर आहे.

इथे काही मैत्रिणी माझ्याशी भांडतील, आणि त्यांनी भांडावंच. त्या म्हणतील, “तू सरकारची भाषा बोलायला लागलीस. पाणीपट्टी वाढवा, वसुली करा, हेच तर ते सांगतात. विधवा बाई, टाकलेली बाई, मजुरी करणारी बाई हिने कुठून भरायचं?” हा आक्षेप मी हलका मानत नाही. पाण्याचा नळ तोडणं हा वसुलीचा मार्ग असूच शकत नाही. रेशनच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या बाईला आधी थकबाकी भर म्हणणं ही तर निव्वळ अडवणूक आहे. पण गरिबाकडून घेऊ नका याचा अर्थ कुणाकडूनच घेऊ नका असा होत नाही. आज कराच्या बाबतीत ढिलाई आहे ती गरिबांसाठी नाही. तिचा फायदा माडीवाल्यांना मिळतो आणि नाव आपलं पुढे केलं जातं.

२०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि घरपट्टी नुसत्या क्षेत्रफळावर न लावता इमारतीच्या भांडवली मूल्यावर लावायची असं ठरलं. किमान-कमाल मर्यादेत दर ठरवणं पंचायतीच्या हाती आहे. म्हणजे कुडाच्या घराला कमी आणि बंगल्याला जास्त, हे करता येतं. फेरआकारणी मात्र प्रामाणिक हवी. गावच्या हद्दीतली मंगल कार्यालयं, ढाबे, पेट्रोलपंप, फार्महाऊस नमुना ८ वर आहेत का? मोबाइलच्या मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलं आहे. आपल्या शिवारातला मनोरा कर भरतो का? हे प्रश्न विचारले तर गरिबाच्या घरपट्टीला हात न लावताही तिजोरीत भर पडेल.

पण एवढ्याने भागणार नाही, हेही सांगते. लहान गावाने कितीही प्रामाणिक वसुली केली तरी शाळा, दवाखाना, रस्ते यांचा खर्च घरपट्टीतून निघणार नाही. मोठे कर सगळे वर गेले आहेत. शहरांची गतही तीच. जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ ला, मुंबईची जकात गेली आणि देशातली सर्वांत श्रीमंत महापालिकाही राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. तेव्हा वरून वाटा मिळणं ही मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे. फक्त तो वेळेवर, ठरलेल्या सूत्राने आणि शक्यतो अबंधित मिळाला पाहिजे. महाराष्ट्राचा पहिला राज्य वित्त आयोग १९९४ मध्ये नेमला गेला. त्यानंतरही आयोग झाले. अहवाल येतात, शासन त्यावर विचार करतं, आणि विचार करता करता मुदत संपते.

हे वेगळं होऊ शकतं का? केरळचं उदाहरण आहे. तिथे १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजनाखर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं, आणि त्यांच्या योजनेतला किमान १० टक्के भाग ‘महिला घटक योजने’साठी बंधनकारक झाला. तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या पैशातूनही शिलाई मशिनं वाटली गेलीच. पण फरक लक्षात घ्या : त्यांचे १० टक्के वरून आलेल्या योजनेच्या पैशावर होते, आपले १० टक्के गावाच्या रिकाम्या गल्ल्यावर आहेत.

म्हणून माझी पहिली मागणी ही, की महिला व बालकल्याणाचे १० टक्के नुसत्या स्वतःच्या उत्पन्नावर न धरता पंचायतीला मिळणाऱ्या सगळ्या अबंधित निधीवर कायद्यानेच धरावेत. दुसरी, राज्य वित्त आयोगाचा अहवाल ठरावीक मुदतीत विधानसभेपुढे यावा आणि नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीचं कारण दिलं जावं. तिसरी, नळयोजना आणि रस्त्यावरचे दिवे यांच्या विजेचा भार राज्याने उचलावा, निदान लहान गावांपुरता. चौथी, एकट्या बायकांच्या घरांना घरपट्टी-पाणीपट्टीत सवलत असावी आणि तिची भरपाई राज्याने पंचायतीला द्यावी. पाचवी, निवडणुका वेळेवर व्हाव्यात. २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि महापालिकांवर तीन-तीन वर्षं प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितल्यावर गाडी हलली. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचं अनुदान मिळत नाही अशी अट आहे. म्हणजे त्या काळात आपली निम्मी खुर्चीही गेली आणि पैसाही अडला.

या मागण्या मोर्चाच्या आहेत, त्यांना वेळ लागेल. पण काही गोष्टी येत्या महिन्यातही करता येतील. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायदाच सांगतो. ती बहुतेक गावांत सह्यांपुरती होते. ती खरी भरवा आणि चार कागद मागा : चालू वर्षाचं अंदाजपत्रक, थकबाकीदारांची यादी, गेल्या वर्षी १० टक्के कशावर खर्चले त्याचा हिशोब, आणि नमुना ८. यादी मोठ्याने वाचा, वरून खाली, मोठ्या रकमेपासून. नमुना ८ मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं असा शासनाचा निर्णय २००३ चा आहे. आपलं नाव आहे का पाहा, नसेल तर तिथेच अर्ज लिहा. सरपंचबाई तुमच्यातलीच असेल तर तिला म्हणा, “डोंगल तुझ्या पर्समध्ये ठेव.” आणि तिने मोठ्या घराला नोटीस काढली, तर त्या दिवशी तिच्यामागे उभ्या राहा. आम्ही राहिलो नव्हतो.

बाईला हिशोब कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिचं घर पाहावं. महिन्याच्या पाच तारखेला संपणाऱ्या पैशात ती तीस दिवस काढते, भिशी चालवते, बचतगटाच्या कर्जाचा हप्ता चुकू देत नाही. गावाचा जमाखर्च याहून अवघड नाही. तो आजवर तिच्यासमोर उघडला नाही, एवढंच.

पुढच्या शिबिरात ‘आपले हक्क’च्या आधी एक तास मी वाढवणार आहे : ‘गावाचा जमाखर्च’. तो घ्यायला मी त्या प्रश्न विचारणाऱ्या सदस्यालाच बोलावलं आहे. मधल्या काळात तिने आपल्या पंचायतीची थकबाकीची यादी मिळवली आहे. “ताई, कशाचे दहा टक्के ते आता मला कळलं,” असं ती फोनवर म्हणाली. तुमच्या गावात हे चार कागद मागितल्यावर काय झालं, ते पुढच्या अंकासाठी नक्की लिहून पाठवा.